काळाची सबब

आरंभीच्या चलच्चित्रांतून मूलनिवासी आणि गिरिजन समाजांचे जे चित्रण झाले, त्याविषयी कोणी आक्षेप घेतला की आपल्याकडील चित्रपटरसिक, आणि त्यांच्याबरोबर काही अभ्यासकही, एक ठरावीक उत्तर देतात. कला नवी होती, यंत्र नवे होते, समाजाविषयीचे ज्ञान तोकडे होते, त्या काळी सगळेच असे पाहत असत. तेव्हा आजच्या विवेकाची मोजपट्टी लावून त्या भोळ्या कलाकृतींना दंड करणे हा अन्याय आहे, असे ते म्हणतात. हे मत सौजन्याने मांडले जाते, त्यामागे जुन्या कलावंतांविषयी कृतज्ञता असते, आणि म्हणूनच ते आजवर विनाचौकशी मान्य होत आले. माझ्या मते ते साफ चुकीचे आहे. काळाला आरोपी करून माणसांना निर्दोष सोडणारी ही सबब कागदपत्रांच्या कसोटीला उतरत नाही; आणि हे सिद्ध करण्यास नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील दऱ्याखोरी आणि त्यांच्याविषयीचे सरकारी दफ्तर एवढा पुरावा पुरेसा आहे. तरीही ज्या देशातून ही कला जगभर पसरली, तेथूनच आरंभ करतो. कारण या सबबीची जन्मभूमीही तीच आहे.

१८९४ च्या सप्टेंबरात न्यूजर्सीतील एडिसनच्या ‘ब्लॅक मारिया’ नावाच्या चित्रशाळेत, बफेलो बिलच्या फिरत्या खेळात नोकरीस असलेले काही लाकोटा लोक आणून उभे करण्यात आले. त्यांच्याकडून जे नृत्य करवून घेतले गेले, आणि जे एकेका प्रेक्षकाने पेटीच्या छिद्राला डोळा लावून पाहावे म्हणून बाजारात पाठवले गेले, त्याला ‘घोस्ट डान्स’ असे नाव देण्यात आले. हे नाव त्या वेळी अमेरिकेत ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. मृत पूर्वज परत येतील आणि गोऱ्यांची सत्ता लयाला जाईल, या श्रद्धेने मैदानी प्रदेशातील जमाती ज्या उपासनेने भारल्या होत्या, जिच्या धास्तीने सरकारने फौज धाडली आणि २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे स्त्रिया-मुलांसह लाकोटांची कत्तल झाली, तिचेच ते नाव होते. त्या घटनेला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. राखीव प्रदेशात जी उपासना सरकारने बंदुकीच्या बळावर बंद पाडली, तिच्याच नावाचे नृत्य चित्रशाळेत मजुरी देऊन करवून घेतले गेले. वर्तमानपत्रांनी घरोघर पोहोचवलेल्या त्या नावाच्या ओळखीवरच पेटीतला माल खपणार होता. म्हणजे येथे माहितीचा अभाव नव्हता. माहिती होती, म्हणूनच चित्र निघाले.

चार वर्षांनी, १८९८ साली, केंब्रिजच्या मोहिमेबरोबर आल्फ्रेड हॅडन हे विद्वान टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटावर चलच्चित्राचे यंत्र घेऊन गेले. हॅडन हे गंभीर संशोधक होते, आणि त्यांना एडिसनच्या पंक्तीस बसवणे मला उचित वाटत नाही. तथापि तेथेही काय घडले ते पाहावे. मालू-बोमाई विधीचे प्राचीन मुखवटे मिशनरी अंमलात नष्ट झालेले होते. बेटावरील लोक ख्रिस्ती झालेले होते. तेव्हा यंत्रासाठी तेच मुखवटे पुठ्ठ्याचे नव्याने करवून घेण्यात आले आणि विधी चित्रित झाला. आज जे म्हणतात, की ‘काही असो, त्या चित्रांनी लुप्त होणारी संस्कृती तरी जतन केली,’ त्यांना मी या पुठ्ठ्याच्या मुखवट्यांचे स्मरण देऊ इच्छितो. जतन झाले ते एका पुनर्रचनेचे. त्या दिवशी तेथे जी माणसे प्रत्यक्ष नांदत होती, जी प्रार्थनामंदिरात जात होती, ज्यांच्या मनात जुन्या विधीविषयी अभिमान आणि भय एकाच वेळी वावरत असले पाहिजे, ती माणसे चित्रात आलीच नाहीत. त्यांचा वर्तमान यंत्राला नको होता. पुढे १९२२ साली फ्लाहर्टीने ‘नानूक’ काढला तेव्हा हीच रीत कळसास पोहोचली: ज्याचे खरे नाव अलाकारिआलाक असे होते त्या शिकाऱ्याला दुसरे नाव दिले गेले, त्याच्या हातची बंदूक बाजूस सारून भाला देण्यात आला, आणि फोनोग्राफची तबकडी म्हणजे काय हे पुरते जाणणाऱ्या त्या गृहस्थाला ती चावून पाहण्याचा अभिनय करावा लागला. अज्ञान होते ते पात्राचे. ते रचणारा दिग्दर्शक पुरता सज्ञान होता.

आता ‘त्या काळी कोणाला हे खटकतच नव्हते’ या विधानाचा विचार करू. १९११ साली अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या प्रतिनिधींनी चित्रपटांतील आपल्या खोट्या चित्रणाविरुद्ध वॉशिंग्टनपर्यंत फिर्याद नेली, आणि तिची बातमी खुद्द चित्रधंद्याच्या नियतकालिकांनी छापली. १९११! आपल्याकडे ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यास अद्याप दोन वर्षे होती. हॉलिवूडची चित्रनगरी उभी राहायची होती. होचंक जमातीच्या लिलियन सेंट सीर, ज्यांना पडद्यावर ‘रेड विंग’ म्हणत, त्या काळीच नायिकेच्या भूमिका करीत होत्या आणि १९१४ च्या ‘स्क्वॉ मॅन’ मध्ये त्यांची मोठी भूमिका होती. म्हणजे आक्षेप घेणारे होते, समर्थ कलावंत होते, आणि दुसऱ्या रीतीने चित्र काढण्याची सोयही होती. तरीही पुढील चाळीस वर्षे रंग फासलेले नट टेकडीवरून ओरडत खाली उतरत राहिले. ज्या आक्षेपाची नोंद झाली, जो वाचला गेला आणि दूर सारला गेला, त्याच्या संदर्भात ‘त्या काळी कोणाच्या लक्षात आले नाही’ असे म्हणणे हा त्या फिर्यादींवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय.

परंतु माझा खरा वाद आपल्याच लोकांशी आहे, आणि तेथे काळाची सबब अधिकच दुबळी ठरते. खोट्या चित्रणाने एखाद्या समाजाची किती हानी होते, हे त्या काळच्या हिंदी सुशिक्षितांना फार चांगले ठाऊक होते. कारण ते स्वतः त्या खोट्या चित्रणाचे बळी होते. १९२७-२८ साली दिवाणबहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली जी चित्रपट चौकशी समिती बसली, तिने साडेतीनशेहून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या, आणि पडद्यावरील चित्रणाचा समाजावर काय परिणाम होतो हा प्रश्न त्या चौकशीच्या केंद्रस्थानी होता. १९३८ साली ‘द ड्रम’ या इंग्रजी चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली. १९३९ साली ‘गंगादीन’ वर बंगालमध्ये आणि मुंबई इलाख्यात बंदी आली. बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ ने हिंदी माणसाला रानटी, कपटी, अंधश्रद्ध दाखवणाऱ्या परदेशी चित्रांविरुद्ध जी मोहीम चालवली ती त्वेषाची होती आणि न्याय्यही होती. हे सारे मी आदराने सांगतो. पण मग त्याच्या आगेमागेच, १९३७ साली, मुंबईच्या वाडियांनी ‘तूफानी टारझन’ काढला आणि त्यात भाले परजणारी, हातवारे करणारी, मनुष्यभाषा जणू नसलेली जंगली टोळी आपल्याच प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी नाचवली, तेव्हा तो त्वेष कोठे गेला होता? ‘गंगादीन’ मधला अन्याय ओळखणारा डोळा ‘तूफानी टारझन’ समोर मिटतो, याला युगाचे अज्ञान म्हणता येणार नाही. मोजपट्टी त्या काळचीच होती, घडवलेलीही आपणच होती. आपण ती आपल्यासाठी वापरली आणि डोंगरातल्या माणसासाठी वापरली नाही.

कोणी म्हणेल, की वाडियांचे जंगल आफ्रिकेच्या धर्तीचे, काल्पनिक होते. त्याचा आपल्या आदिवासींशी काय संबंध? संबंध असा, की प्रेक्षकाच्या मनात जंगलात राहणाऱ्या माणसाची जी प्रतिमा एकदा पक्की झाली, तिला सरहद्द नसते. आणि दुष्ट रानटी माणसाच्या जोडीला दुसरी एक मूर्ती आपल्या पडद्याने घडवली, ती निष्पाप रानटी माणसाची. मेहबूब खान यांच्या १९४२ च्या ‘रोटी’ त धनलोभी शहरी मनुष्य विमान कोसळून अशा एका जमातीत येऊन पडतो, की जिला पैसा माहीत नाही. भांडवलशाहीवर प्रहार करण्याचा मेहबूब यांचा हेतू उदात्त होता, आणि चित्रही सामर्थ्याचे आहे. परंतु त्या उदात्त हेतूपायी पुनः आदिवासीच इतिहासाबाहेर काढला गेला. पैसा माहीत नसलेला आदिवासी ही सुंदर कल्पना, ज्यांच्या जमिनी सावकाराच्या खात्यावर गहाण पडून गेल्या होत्या त्यांच्याविषयी रचली जात होती.

येथे मी अकोले तालुक्यात येतो. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या आहेत. त्यांच्याविषयी चित्रपटाच्या जन्मापूर्वी काहीच लिहिलेले नव्हते, असे समजणाऱ्याने सरकारी दफ्तर उघडावे. अहमदनगरच्या पोलीस पथकाचे प्रमुख कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी १८३० च्या दशकातच महादेव कोळ्यांचा विस्तृत वृत्तांत लिहिला. त्यापूर्वी, उमाजी नाइकांच्या पाडावानंतर, रामोशांविषयीचा त्यांचा ग्रंथ १८३३ साली मुंबईत छापून निघाला होता. हे लेखन बंदोबस्तासाठी झाले, लेखणी पोलिसाची होती, हे मी क्षणभरही विसरत नाही. किंबहुना पुढे ज्या नजरेने चित्रपटाने या लोकांकडे पाहिले तिचा उगम मला त्या चौकीतच दिसतो. पण पोलिसाच्या लेखणीतूनसुद्धा जे उतरले, ते पडद्यावरच्या नाचापेक्षा किती अधिक आहे! गडांची राखण करणारे नाईक त्यात आहेत, त्यांची वतने आहेत, कुळी आहेत, आणि ‘गोतरणी’ नावाचे त्यांचे स्वतःचे न्यायमंडळ आहे, ज्यात अध्यक्षापासून हाडक्या-मडक्यांपर्यंत सहा अधिकारी असत आणि जे जातीतील अपराधांचा विचार करून शिक्षा ठरवीत असे. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरने ही माहिती जिल्ह्यातील प्रत्येक कचेरीच्या कपाटात पोहोचवली. न्यायासन असलेला, पद आणि परंपरा असलेला, दंड आणि क्षमा यांचा विचार करणारा हा समाज एकाही आरंभीच्या चित्रात का आला नाही? ज्याला शोधायचे होते त्याला साधन हाताशी होते. शेकोटी, ढोल आणि पिसे यांना साधनाची गरज लागत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि बंडे! आरंभीच्या चित्रपटाला साहसाची केवढी भूक होती. ती भागवण्यासाठी त्याने परदेशी कादंबऱ्या धुंडाळल्या. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात नगर, नाशिक आणि ठाणे या मुलुखांत कंपनी सरकारला जेरीस आणले, सावकारांच्या घरांवर चाल करून गहाणखतांच्या जुलमाला उत्तर दिले, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी स्वीकारली. भागोजी नाईक हे भिल्ल तर नगरच्या पोलिसातच अधिकारी होते. १८५७ च्या ऑक्टोबरात सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे त्यांच्याशी झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री ठार झाले, आणि भागोजी दोन वर्षे लढत राहून १८५९ च्या नोव्हेंबरात धारातीर्थी पडले. सरकारी चाकरीत राहिलेला माणूस, त्याच चाकरीचा शत्रू झालेला माणूस, हे केवढे नाट्य आहे! पण पडद्यावरच्या भिल्लाला भूतकाळ नसतो. तो झाडामागून निघतो, बाण सोडतो आणि झाडामागे जातो.

या ठिकाणी प्रतिपक्षाचा सर्वांत समर्थ मुद्दा पुढे येतो आणि त्याला बगल देणे मला शोभणार नाही. ते म्हणतात, की त्या काळच्या चित्रपटात सगळीच पात्रे ठशाची होती. सावकार म्हणजे दुष्ट, पाटील म्हणजे उग्र, विधवा म्हणजे दीन. मग आदिवासीच्या ठशाचे एवढे काय घेऊन बसायचे? याचे उत्तर बाबूराव पेंटर यांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्ये आहे. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचे ते मूकचित्र. त्यात शेतकरी कर्जात बुडतो, जमीन गमावतो आणि शहराच्या वाटेला लागतो, आणि प्रेक्षकाला त्याच्या दुःखाचे कारण कळते. ठशाच्याच युगात, कोल्हापुरातल्या तुटपुंज्या साधनांनी, एका कलावंताने शेतकऱ्याला कारण दिले. मग तेच कारण डोंगरातल्या कोळ्याला का मिळू नये? १८७५ साली सावकारांविरुद्ध जे दंगे झाले ते नगर जिल्ह्यातही पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरले. सरकारने त्यांची चौकशी केली, आयोग बसवला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी कायदाही केला. त्याच सावकारीविरुद्ध राघोजी भांगरे तीस वर्षे आधी उठले होते, पण त्यांच्या उठावाची नोंद दरोडा म्हणून झाली. कुणब्याने खतपत्रे जाळली तर ती तक्रार, आणि कोळ्याने तेच केले तर तो गुन्हा, ही विभागणी दफ्तराने केली; चित्रपटाने ती जशीच्या तशी उचलली. १८७१ च्या आणि त्याला व्यापक करणाऱ्या १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर हजेरीचे जोखड ठेवले होते, आणि ते १९५२ पर्यंत कायम होते. कायदा ज्यांना जन्मतः चोर म्हणत होता त्यांना पडद्यावर चोर दाखवणे हा निरुपद्रवी ठसा नव्हता. ती चौकीतल्या नोंदवहीला तिकीट लावून दिलेली प्रसिद्धी होती.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर थोडे रेंगाळण्याची वाचकांनी अनुज्ञा द्यावी. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले, आणि १९१३ पासून त्यांची चित्रसंस्था नाशिकला होती. त्र्यंबकच्या भोवतालचे डोंगर, तेथून दक्षिणेस अकोल्यापर्यंत आणि पश्चिमेस जव्हार-मोखाड्यापर्यंत, हा सारा महादेव कोळी, ठाकर, कोकणा आणि वारली यांचा मुलूख, आणि तोच बोहाड्याचाही मुलूख. ज्यांनी बोहाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, वेताळ अशी सोंगे मोठाले मुखवटे लावून, संबळाच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडात रात्रभर निघतात, आणि ती नाचवण्याचा मान घराण्यांत वंशपरंपरेने चालतो. म्हणजे ज्या वर्षांत फाळके ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’ यांतून देव-दैत्यांना पडद्यावर उतरवीत होते, त्याच वर्षांत, त्यांच्याच परिसरात, आदिवासी माणूस स्वतः रावण होत होता, नरसिंह होत होता, खांबातून प्रकटत होता. त्याला अभिनय येत होता, सोंगाची शिस्त होती, रामायण-महाभारताची जाण होती. परंतु पौराणिक चित्रांच्या त्या विशाल दरबारात त्याच्या वाट्याला शबरी, एकलव्य आणि वाल्या कोळी एवढीच स्थाने आली: एक बोरे देणारी, एक अंगठा देणारा आणि एक लुटणारा. फाळक्यांच्या थोरवीला याने बाध येतो असे मी म्हणत नाही; त्यांनी एकट्याने जे उभे केले त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण देवांना पडद्यावर आणणाऱ्या कलेने, देवांची सोंगे आणणाऱ्या शेजाऱ्याला कलावंत म्हणून पाहिलेच नाही, हे सांगितल्याशिवाय त्या काळाचा इतिहास पुरा होत नाही.

यावर मला नगरचेच उदाहरण देऊन निरुत्तर करू पाहणारे आहेत. शाहू मोडक १९१८ साली अहमदनगरला एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’ मध्ये ते बालकृष्ण झाले, १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ मध्ये ज्ञानेश्वर झाले, आणि नेवाशाच्या पैस खांबाला टेकून ज्यांनी गीतेवर निरूपण केले त्या महापुरुषाचे रूप अवघ्या महाराष्ट्राच्या मनात या ख्रिस्ती नटाच्या चेहऱ्याने कोरले गेले. ख्रिस्ती माणूस ज्ञानेश्वर होऊ शकतो, तर शहरी नटी ठाकर स्त्री का होऊ शकत नाही, असा त्यांचा प्रश्न असतो. अवश्य होऊ शकते. १९७७ साली जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’ मध्ये स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांनी ठाकरांच्या भूमिका केल्या, आणि गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरच्या त्या चित्रातला नाग्या देवाला जाब विचारणारा, हट्टी, दुःखी, संपूर्ण मनुष्य आहे. ते चित्र मी मराठीचे भूषण मानतो. नटाने परकायाप्रवेश करू नये असे मी कधीच म्हटले नाही. मोडकांच्या उदाहरणाचा अर्थ मात्र प्रतिपक्षाच्या उलट निघतो. त्यांच्यासाठी दार दोन्ही बाजूंनी उघडे होते: ते कृष्ण झाले, ज्ञानेश्वर झाले, आणि १९३९ च्या ‘माणूस’ मध्ये साधा पोलीस शिपाईही झाले. रतनवाडीच्या किंवा राजूरच्या मुलाला कृष्ण होण्याची वाट कधी मोकळी होती? शहरातून डोंगराकडे जाणारा परकायाप्रवेश चालला आणि डोंगरातून शहराकडे येणारा चालला नाही, यावर माझा आक्षेप आहे, आणि त्याला मोडकांच्या नावाने उत्तर मिळत नाही.

ज्या वर्षांत आपला चित्रपट रांगत होता त्याच वर्षांत प्रवरेच्या उगमाशी काय चालले होते, हेही पाहावे. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० च्या सुमारास सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘सावकारी पाश’ या दोन्हींच्या तारखा या कालखंडात बसतात. खोऱ्यातल्या जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि ते पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या मळ्यांना मिळाले, जेथे पुढे उसाचे वैभव उभे राहिले. धरणाच्या भिंतीवर, दगडाच्या खाणीत, कालव्याच्या मातीत हजारो हात राबले असतील. आदिवासी त्या काळी शेतकरी होता, मजूर होता, विस्थापित होता. पडद्यावर तो यांपैकी काहीही नव्हता. आणि पुढे त्याच जलाशयाच्या काठी, रंध्याच्या धबधब्याशी, शहरातून चित्रपटांची पथके येऊ लागली, ती निसर्गाची शोभा टिपण्यासाठी. ज्यांची जमीन त्या शोभेखाली आहे, ते चौकटीच्या कडेला रोजंदारीवरची गर्दी म्हणून उभे राहिले.

‘झाले ते झाले, आता सारे बदलले आहे,’ हा या वादातला शेवटचा आसरा. काही बदलले आहे, हे मी आनंदाने मान्य करतो, आणि बदल कोठून आला तेही पाहण्याजोगे आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या महाविद्यालयात संज्ञापन विद्येचे शिक्षण घेत असताना त्यांच्या हातून ‘पिस्तुल्या’ घडला. शाळेची ओढ लागलेल्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलाची ती छोटी कथा राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली, आणि २०१३ च्या ‘फँड्री’ त त्यांनी कैकाडी कुटुंबाच्या घरात कॅमेरा नेला तेव्हा त्यांना तेथले घर अंतर्बाह्य माहीत होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्या गावठी बियाण्यांच्या कार्यावर निघालेला लघुपट फ्रान्समधील कानपर्यंत पोहोचला, आणि २०२० साली त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. त्या लघुपटात महादेव कोळी समाजातील स्त्री स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कामाविषयी, स्वतःच्या बोलीत दिसते. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर ही साधी गोष्ट घडली. पण ती घडण्यास यंत्र सुधारावे लागले नव्हते. बोली सोडल्यास फाळक्यांच्या यंत्रानेही ती टिपता आली असती, कारण राहीबाईंच्या आज्या-पणज्या तेव्हाही बियाणे राखतच होत्या.

म्हणून जे आज जुनी चित्रे नव्याने स्वच्छ करून, त्यांचे महोत्सव भरवून, प्रेक्षकांपुढे ठेवतात, त्यांच्याकडे माझी मागणी आहे. ती चित्रे दाखवावीत. एकही फीत कपाटात दडवावी असे मी म्हणत नाही. मात्र त्यांच्याबरोबर जी माहितीपत्रके निघतात त्यांतून ‘त्या काळाच्या समजुतीनुसार’ हा शब्दप्रयोग काढून टाकावा, आणि त्या जागी १९११ ची फिर्याद छापावी, १९३८ ची मुंबईतील निदर्शने छापावीत, मॅकिंटॉश आणि गॅझेटियर यांत त्या समाजाविषयी काय नोंदलेले होते ते छापावे. आणि जे उद्या राघोजी भांगऱ्यांवर चित्रपट काढतील, कारण तो कोणी ना कोणी काढणारच, त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा मुंबईत वाचण्याआधी देवगावात वाचावा, बोहाड्याच्या सोंगाड्यांतून नट निवडावेत, गोतरणीचा दरबार दाखवावा, आणि श्रेयनामावलीत अकोल्याच्या माणसांची नावे ‘स्थानिक ग्रामस्थ’ या एका शब्दात न गुंडाळता एकेक करून, आडनावासकट लिहावीत.